शिकागो, दोन आठवड्यांसाठी

दोन आठवड्यांच्या पाहुणचाराला निघालेली बाई शिवणयंत्र बरोबर नेत नाही, एवढं कळायला ओडेसा प्युरिफॉयला शाळेची पायरी चढावी लागली नव्हती.

रूफसने गाडी हमरस्त्यावरून आत वळवून मक्याच्या शेताच्या कडेला, ओकच्या सावलीत उभी केली होती. काल पहाटे मिसिसिपीतून निघाल्यापासून तो जिथे जिथे थांबला ती जागा अशीच होती. आपण रस्त्यावरून दिसू नये, पण रस्ता मात्र आपल्याला दिसावा. दुपारच्या जेवणाचे खोके काढायला त्याने डिकी उघडली. पाय मोकळे करायला मागे आलेल्या ओडेसाला गोधडीच्या फटीतून काळं लोखंड आणि त्यावरची सोनेरी वेलबुट्टी दिसली. तिने गोधडी वर केली. तिचं यंत्र होतं, खालच्या स्टँडशिवाय नुसतं वरचं डोकं, दोरीने आवळून बांधलेलं. शेजारी उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. ते उघडून पाहायची गरज नव्हती. आयझमचा, तिच्या नवऱ्याचा, चौकटीतला फोटो तेवढ्याच मापाचा होता, आणि तो गेल्यापासून अकरा वर्षं पुढच्या खोलीच्या भिंतीवरून हलला नव्हता.

"हे कुणी भरलं?"

रूफस डिकीचं झाकण धरून उभा होता. चव्वेचाळीस वर्षांचा, शिकागोच्या पोलाद कारखान्यात भट्टीपुढे काम करणारा माणूस. पण आईने असा आवाज लावला की त्याची मान अजूनही खाली जायची.

"मीच भरलं. वर्लीनला पडदे शिवून हवे आहेत. म्हटलं, तू आहेस तर..."

"शिकागोत पडदे विकत मिळत नाहीत?"

"मिळतात की. पण तुझ्या हाताचे..."

"आणि तुझ्या बापाला कशाला आणलंस? पडद्यांचे खिळे ठोकायला?"

रूफसने खोके उचलले आणि झाकण आपटून लावलं. "चल, जेवून घे. अजून बरंच जायचंय."

गवतावर चादर अंथरून चौघं बसली. तळलेली कोंबडी होती, उकडलेली अंडी, मक्याचा पाव. ओडेसा हळूहळू चावत होती आणि समोर बसलेल्या दोघींकडे बघत होती. एक तिची सून वर्लीन, जॉर्जियात जन्मून शिकागोत वाढलेली, डोळ्यांना काळा चष्मा. दुसरी तिची धाकटी मुलगी इमोजीन, गावातल्या आपल्या, काळ्या लोकांच्या शाळेतली मास्तरीण. या नणंद-भावजयांचं नऊ वर्षांपूर्वी रूफसच्या लग्नात केकवरून, इमोजीनने आईची बाजू घेतल्यामुळे, बिनसलं होतं, आणि तेव्हापासून एकमेकींना पत्र लिहायचं तर दोघी 'घरातल्या सर्वांना' असं लिहायच्या. त्या दोघी आज एकाच रुमालाला हात पुसत होत्या. काल रात्री कार्बनडेलला वर्लीनच्या मावसबहिणीकडे मुक्काम झाला, तिथेही त्या एका खाटेवर झोपल्या होत्या. ओडेसाला भिंतीपलीकडून त्यांची कुजबुज ऐकू येत होती, शब्द मात्र एकही कळला नव्हता.

"तुमचं दोघींचं फार गूळपीठ जमलंय," ओडेसा म्हणाली.

इमोजीनने पावाचा तुकडा तोडला. "भांडत राहायला हवं होतं का, आई?"

"निदान मला कळलं असतं की तुम्ही काय बोलता."

वर्लीन हसली. हसणं लवकर आटोपलं. "शिकागोत गेल्यावर कुठे कुठे न्यायचं तुम्हाला, तेच ठरवतोय."

"दोन आठवड्यांत कितीशी ठिकाणं बघून होणार?"

रूफसने घड्याळ पाहिलं आणि खोके गोळा करायला लागला. ओडेसाने मनात नोंद केली. 'दोन आठवडे' म्हटलं की तिन्ही तोंडं एकदम बंद होतात. हे कालपासून चौथ्यांदा झालं होतं.

गाडी पुन्हा हमरस्त्याला लागली. ओडेसा पुढे, मुलाशेजारी बसली होती. बाहेर सपाट, हिरवीगार जमीन पळत होती. ती डोळ्यांपुढे असून तिला दिसत नव्हती. ती एकेक गोष्ट शेजारी शेजारी ठेवून बघत होती.

गुरुवारी संध्याकाळी रूफस आणि लोंझो कोंबड्यांच्या खुराड्यामागे तासभर उभे होते. लोंझो म्हणजे आयझमचा धाकटा भाऊ, तिचा दीर. साठीचा झाला तरी नदीत गळ टाकून बसण्यापलीकडे कशाची घाई नसलेला माणूस. खुराड्यामागून आला तो सरळ तिच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही नाही तोवर मी घरात राहतो. मागच्या दाराची किल्ली देऊन ठेवा." या माणसाने आयझम गेल्यापासून घराकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. पुढच्या पायरीची फळी बदलून दे म्हणून दोन वर्षं सांगत होती, ती फळी अजून तशीच डुगडुगत होती. आणि आता त्याला घराची राखण करायची होती. तिने किल्ली दिली, पण देताना त्याला चार शब्द सुनावले. जन्मभर दुसऱ्याच्या चुलीवर शेकत बसलास, आता आख्खं घरच पाहिजे का, असंही म्हणाली. लोंझो एरवी एकाला दोन ऐकवायचा. त्या दिवशी किल्ली खिशात टाकून निमूट निघून गेला. हेही खटकण्यासारखंच होतं.

शुक्रवारी पहाटे निघताना रूफसने मैलभर गाडी दिव्यांशिवाय चालवली. विचारलं तर म्हणाला, तार सैल झालीय. मैलभर गेल्यावर तार आपोआप घट्ट झाली.

म्हणजे घर लोंझोच्या घशात. आपण शिकागोत, तिसऱ्या मजल्यावर, सुनेच्या हाताखाली. आणि इमोजीन, जी आजवर प्रत्येक गोष्टीत आईच्या बाजूने उभी राहायची, ती त्यांना सामील. हे एवढंच तिला पचत नव्हतं.

"आई," रूफस हलक्या आवाजात म्हणाला, "मागे बघू नकोस."

तिने पाहिलं नाही, पण गाडीतली हवा बदललेली तिला कळली. आरशात पोलिसांची गाडी होती. फार जवळ नाही, पण वेग यांच्याइतकाच. रूफसने दोन्ही हात चाकावर वर ठेवले. मागे वर्लीनने चष्मा काढून मांडीवर ठेवला. पुढे एक गाव लागत होतं, पाण्याच्या टाकीवर नाव रंगवलेलं. त्या गावात आपल्या माणसांनी पेट्रोलसाठीसुद्धा थांबायचं नसतं हे रूफसला पाठ होतं.

ओडेसा घाबरली, ती वेगळ्याच कारणाने. ती एक गोष्ट कुणाला बोलली नव्हती.

जूनमधल्या एका रविवारी प्रार्थना आटोपल्यावर पाद्रीबाबांनी चर्चचं दार लावून घेतलं आणि टेबलावर एक कागद ठेवला. गावातली गोऱ्यांची विटांची शाळा आपल्या मुलांनाही खुली करा, असा अर्ज होता. त्रेपन्न जणांनी सह्या केल्या. ओडेसाची सही एकतिसावी. तिला आता शाळेत घालायला मूल नव्हतं. पण तिची स्वतःची शाळा कापसाच्या हंगामात बंद व्हायची, आणि तो हंगाम दर वर्षी लांबत जाऊन शेवटी शाळा संपलीच, हे ती विसरली नव्हती. तिने नाव सावकाश लिहिलं. इमोजीनची नोकरी त्याच लोकांच्या हातात होती, म्हणून घरी अवाक्षर काढलं नाही. या आठवड्यात मंगळवारी हॅलमच्या दुकानात पीठ मागितलं तर तो म्हणाला, पीठ संपलं. त्याच्या मागे पोती छतापर्यंत रचलेली होती. तेव्हा ती समजायचं ते समजली. बुधवारी रूफस आणि वर्लीन अचानक येऊन दारात उभे राहिले आणि शिकागोला चल म्हणाले, तेव्हा तिला वाटलं, बरं झालं. दोन आठवड्यांत ही धूळ खाली बसेल. कुणाला काही कळायचं नाही.

आणि आता ही पोलिसांची गाडी. एवढ्या लांब, दुसऱ्या राज्यात, तिच्या सहीमागे कुणी येईल का? येणार नाही. पण तिने मांडीवरची पर्स घट्ट धरून ठेवली.

तिने आरशात पाहिलं, आणि तिचा सगळा हिशेब विस्कटला. इमोजीनने वर्लीनचा हात घट्ट धरला होता. आणि त्या दोघी मागच्या गाडीकडे बघत नव्हत्या. दोघी तिच्याकडे, ओडेसाच्या मानेकडे बघत होत्या.

गाव संपलं. पोलिसांची गाडी एका फाट्यावर वळून दिसेनाशी झाली. रूफसने श्वास सोडला. पुढचे चाळीस मैल त्याने वेगाचा काटा तसूभरही हलू दिला नाही.

कँककीला रूफसने पेट्रोल भरायला गाडी थांबवली. शिकागो इथून दीड-दोन तासांवर होतं. पंपाच्या समोर, रस्त्यापलीकडे, लांब पल्ल्याच्या बसचं स्थानक होतं. ओडेसाने पर्स उचलली.

"कुठे?" वर्लीनने विचारलं.

"हात धुवून येते."

हात धुवायची खोली पंपाच्या मागे होती. ओडेसा रस्ता ओलांडून गेली. स्थानकात शिरल्यावर सवयीने तिची नजर भिंतीवरच्या पाटीकडे गेली. आपल्या लोकांनी बसायची बाजू कुठली ते बघायला. पाटी नव्हती. तिला त्या मोकळ्या भिंतीचाही भरवसा वाटेना. खिडकीपाशी जाऊन तिने मेम्फिसचं तिकीट मागितलं. पलीकडच्या गोऱ्या पोराने मान वर न करता ते दिलं आणि सांगितलं, तीन दहाला, दोन नंबरच्या दारातून.

ती बाकाच्या अगदी टोकाला बसली. पाच मिनिटांत इमोजीन आली, धापा टाकत. तिकीट बघून ती शेजारी बसली.

"हे काय, आई?"

"घरी चाललेय. लोंझोने माझं घर बळकावायच्या आत."

"लोंझोकाका?"

"मला मूर्ख समजता का गं तुम्ही? यंत्र भरलंत, तुझ्या बापाचा फोटो काढून आणलात. भिंतीवर फोटोच्या जागी चौकोन उमटला असेल. मला विचारायचीसुद्धा गरज वाटली नाही. बाकीच्यांचं मी काही म्हणत नाही. तू का सामील झालीस, ते सांग."

इमोजीनने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. क्षणभर ओडेसाला वाटलं, ती रडतेय. पण हात काढले तेव्हा तिचे डोळे कोरडे होते आणि चेहऱ्यावर राग होता.

"एकतीस नंबर," ती म्हणाली.

ओडेसाने तिच्याकडे पाहिलं.

"ओडेसा प्युरिफॉय. एकतीस नंबर. गुरुवारच्या पेपरात पहिल्या पानावर सगळी नावं आलीत, पत्त्यांसकट. लोंझोकाकाने तो पेपर तुझ्या हाती लागू दिला नाही. आणि माझी नोकरी तीन आठवड्यांपूर्वीच गेली. शाळेचं पत्र आलं, कारण लिहिलं नव्हतं. मी विचारायला गेले तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, 'कारण घरी जाऊन आईला विचार.'"

"तीन आठवडे? आणि रोज सकाळी तू डबा घेऊन कुठे जायचीस?"

"चर्चच्या मागे बसायचे. तुला वाईट वाटू नये म्हणून."

ओडेसाने तिकिटाची घडी घातली. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकत होतं.

"तू मला सांगायला हवं होतंस," इमोजीन म्हणाली. "नोकरीचं मला काही वाटत नाही. तू मागितली असतीस तर मीही सही केली असती. पण तू सांगितलंच नाहीस."

"तुला वाचवायला..."

"हो. आणि आम्ही तुला. सगळे एकमेकांना वाचवत बसलो." तिने आवाज खाली आणला. "हॅलमच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईने निरोप पाठवला होता. हॅलम आणि त्याची माणसं शुक्रवारी रात्री येणार म्हणून. फक्त घाबरवायला नाही, आई. तिने रॉकेलचे डबे भरताना पाहिले. मी आधीच रूफसला तार केली होती, म्हणून ते दोघं तसेच निघून आले. तुला खरं सांगितलं असतं तर तू हलली असतीस का?"

ओडेसाने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "नाही."

"बंदूक मांडीवर घेऊन ओट्यावर बसली असतीस."

"बसले असते."

"म्हणून."

तीन वाजले. बाहेर दोन नंबरच्या दारापाशी बस येऊन उभी राहिली आणि माणसं रांग लावायला लागली. ओडेसाला मग ते सुचलं, आणि तिने इमोजीनचं मनगट धरलं.

"आणि लोंझो? तो काल त्या घरात काय करत होता?"

"घर सकाळपासून बंद दिसलं असतं तर त्यांना कळलं असतं. मेम्फिसपर्यंत कुठेही आपली गाडी अडवता आली असती. म्हणून दिवसभर धुराड्यातून धूर निघायला हवा होता, दोरीवर कपडे दिसायला हवे होते. काका म्हणाला, मी तुझ्या आईचा झगा घालून ओट्यावर शेंगा सोलत बसतो. लांबून कोण बघतंय? अंधार पडला की मागच्या दाराने निघून नावेने नदी ओलांडायची, पलीकडून बस धरायची. उद्या दुपारी बाराला शिकागोत पोचणार तो."

"माझा झगा घालून."

"निळा, ठिपक्यांचा."

"त्याला तो पोटावर बसणार नाही."

"तो म्हणाला, श्वास धरून बसेन."

ओडेसाला हसू आलं नाही. गुरुवारी संध्याकाळी ती त्याला जे जे बोलली होती ते सगळं तिच्या कानात परत वाजायला लागलं, शब्दन् शब्द. ती उठली.

"मी जाते. त्याला घेऊनच येते."

"आई, बस. तू खाली जाशील आणि तो वर येत असेल. रस्त्यात तुमच्या बस एकमेकींना ओलांडून जातील. तो इथे उतरेल आणि तू त्या घरात जाऊन उभी राहशील. त्याने कालचा दिवस कशासाठी काढला मग?"

दारातला माणूस मेम्फिसचं नाव पुकारत होता. ओडेसा तिकीट हातात धरून उभी राहिली. रांग पुढे सरकली, संपली, दार लागलं. बस गेल्यावर ती म्हणाली, "हात धुवायचे राहिलेत माझे," आणि रस्ता ओलांडून गाडीकडे चालू लागली.

रूफसने बहिणीच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि त्याला कळलं. बऱ्याच वेळाने ओडेसा म्हणाली, "तार सैल झाली होती म्हणे." आणि रूफस ओशाळला.

शिकागो एकदम आलं नाही. आधी रुळांची जाळी आली, मग धुराडी, मग एकाला एक चिकटलेली विटांची घरं. गाड्या वाढत गेल्या आणि रूफस त्यांच्यात शिरून त्यांच्यासारखाच बेफिकीर चालवायला लागला. दक्षिण भागात शिरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसं दिसायला लागली. पायऱ्यांवर बसून वारा घेणाऱ्या बायका, नळाच्या फवाऱ्यात भिजणारी मुलं, हॅट घातलेले पुरुष. एवढी माणसं होती, पण त्यांच्यातलं कुणीही या गाडीकडे बघत नव्हतं. जिथे अनोळखी गाडी आली तर अख्खा रस्ता मान वळवतो अशा ठिकाणी ओडेसाचा जन्म गेला होता. कुणी बघत का नाही, हा संशय तिला घराच्या दारापर्यंत पुरला.

तिसऱ्या मजल्यावर वर्लीनने तिला मागची खोली दाखवली. खिडकीला नवेकोरे पडदे होते.

"पडदे तर आहेत," ओडेसा म्हणाली.

"आहेत. ते खोटं रूफसचं. मी त्याला म्हटलं होतं, गाडीत बसल्याबरोबर आईंना खरं सांगून टाक." वर्लीनने गादीवरची चादर ताणली, जी आधीच ताणलेली होती. "मी सांगणार होते."

"तू सांगितलं असतंस तर माझा विश्वास बसला नसता."

"माहितीय. म्हणूनच गप्प बसले."

ओडेसा पलंगाच्या कडेवर बसली. नऊ वर्षांत या बाईशी ती इतकं सरळ बोलली नव्हती. "त्या केकमध्ये साखर कमी होती," ती म्हणाली. "पण ते लग्नात सगळ्यांसमोर बोलायला नको होतं मी."

"साखर कमीच होती," वर्लीन म्हणाली. "माझ्या आईने विसरून अर्धीच घातली होती. तुम्ही बोललात म्हणून मी नऊ वर्षं ते कबूल केलं नाही."

रविवारी साडेअकरालाच चौघं शहराच्या मधोमध असलेल्या बसस्थानकावर जाऊन बसली. चर्च चुकवल्याबद्दल ओडेसाने कुरकुर केली नाही. बाराची बस बारा वाजून वीस मिनिटांनी आली. दारातून एक सैनिक उतरला, लेकुरवाळी बाई उतरली, दोन म्हाताऱ्या एकमेकींना धरून उतरल्या. गाडी रिकामी झाली. रूफस आत चढून शेवटच्या बाकापर्यंत बघून आला. चालकाने खांदे उडवले.

"नाव मिळाली नसेल वेळेवर," रूफस म्हणाला.

"नाव त्याची स्वतःची आहे," ओडेसा म्हणाली.

"मग मेम्फिसला गाडी चुकली असेल."

"असेल."

"पुढची साडेपाचला आहे. आपण घरी जाऊन..."

"तू जा. मी इथेच आहे."

कुणी गेलं नाही. वर्लीनने कॉफी आणली. इमोजीनने पेपर घेतला आणि एकही पान न उलटता तासभर हातात धरून ठेवला. प्रत्येक जण दुसऱ्याला पटेल असं काहीतरी कारण शोधून सांगत होता. पावसाने पूल बंद असेल, काका बाकावर झोपून राहिला असेल, त्याला झोप फार. ओडेसा कुणाचंच खोडून काढत नव्हती. सगळ्या बाजूंनी माणसं येत होती, मिठ्या मारत होती, सामान उचलून जात होती. तिने प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण शब्द दोन ओळींपुढे जाईनात. तिला फक्त ती डुगडुगणारी पायरी दिसत होती, आणि तिच्यावर पाय देऊन वर येणारी माणसं.

साडेपाचची बस वेळेवर आली. लोंझो सगळ्यांच्या शेवटी उतरला.

त्याच्या अंगात कुणाचातरी दुसऱ्याचा कोट होता, बाह्या आखूड. सामान काहीच नव्हतं. पायरीवरून खाली येताना त्याने दांडी धरली नाही, दोन्ही हात खिशात ठेवले. रूफस पुढे धावला आणि काकाला मिठी मारली. लोंझो मिठीत ताठ उभा राहिला, हात खिशातच.

"उशीर झाला," तो म्हणाला. "नदीला पाणी होतं."

मग तो ओडेसासमोर आला. ती जवळ गेली तेव्हा तिला वास आला. दोन दिवसांच्या प्रवासाचा, घामाचा, आणि त्याखाली जळक्या लाकडाचा आणि रॉकेलचा. उसन्या कोटाने तो झाकला नव्हता. त्याच्या डाव्या भुवईच्या जागी नुसती कातडी होती, तांबूस, ताणलेली. त्या बाजूच्या पापण्याही नव्हत्या.

"वहिनी," लोंझो म्हणाला. "सगळं ठीक आहे. कुलूप लावून आलोय."

तो तिच्या डोळ्यांत बघत नव्हता. पंचेचाळीस वर्षं ती या माणसाला ओळखत होती. गळातून निसटलेल्या माशापासून न बदललेल्या फळीपर्यंत त्याने तिला शेकडो थापा मारल्या होत्या आणि तिने प्रत्येक थाप तिथल्या तिथे पकडून त्याच्या पदरात टाकली होती. हीसुद्धा तिने ऐकताक्षणीच ओळखली. तो अंधार पडल्याबरोबर निघाला नव्हता. का थांबला, ते आले तेव्हा कुठे होता, हात खिशातून का काढत नाही, हे सगळे प्रश्न तिच्या जिभेवर येऊन थांबले. तो उभ्या उभ्या किंचित थरथरत होता.

"काका," रूफस म्हणाला, "पण घर...?"

"कुलूप लावलंय म्हणाला ना तो," ओडेसा म्हणाली.

तिने लोंझोच्या दंडाला, कोपराच्या बरंच वर, हलकेच धरलं आणि त्याला दाराकडे घेऊन चालू लागली.

"वर्लीन, गाडीचं दार उघड पुढे जाऊन," ती म्हणाली. "माझ्या दिराला दोन दिवसांत जेवायला मिळालेलं नाही."